पंचांना न दाखवलेला कागद

१

दसऱ्याच्या संध्याकाळी नीलम लेकीला घेऊन बहरैनमधल्या हूराच्या हॉलकडे निघाली होती. धम्मचक्र प्रवर्तनदिनाचा कार्यक्रम सहाला होता आणि सहा वर्षांच्या मैत्रीला स्टेजवर त्रिशरण म्हणायचं होतं. ईसा टाउन सोडून हायवेला लागल्यावर पाच मिनिटांत गाडीचं पुढचं डावं चाक निखळलं आणि गाडीच्याही पुढे पळत गेलं. गाडी कठड्याला घासत थांबली. मैत्री मागे पट्ट्यात होती म्हणून तिला खरचटलंसुद्धा नाही. नीलमचा हात मात्र कोपरात मोडला.

नीलमची आई कांता दोनच महिन्यांसाठी सांगलीहून बहरैनला आली होती. हॉस्पिटलात लेकीचा प्लास्टरमधला हात बघून ती रडली नाही. बत्तीस वर्षं कोर्टात बेंच क्लार्क म्हणून काढलेल्या बाईला रडू उशिरा येतं, राग लवकर येतो. चार नवीन टायर घालून आदल्याच दिवशी गाडी गॅरेजमधून आणली होती. मग चाक निघतंच कसं? कोणीतरी नट आवळले नव्हते. त्या कोणाला तरी समोर उभं करून जाब विचारल्याशिवाय आपल्याला घास गिळणार नाही, असं तिने जावयाला ऐकवलं. विश्वजीतचीही तीच गत होती.

गॅरेज तुबलीला, मालक हमीद. जॉब कार्डवर टायर घालणाऱ्या मेकॅनिकची सही होती. तुकाराम, खेड तालुक्यातला, नऊ वर्षं हमीदकडेच होता.

शुक्रवारी सकाळी त्याच गॅरेजमधला दुसरा मेकॅनिक घरी आला. विनीत, चिपळूणचा. खजुराचा डबा घेऊन आला, नीलमच्या हाताकडे बघून हळहळला, मैत्रीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग आवाज खाली आणून म्हणाला की बोलू नये, आपल्याच भागातला माणूस आहे, पण तुमचं लेकरू होतं गाडीत म्हणून राहवलं नाही. असं म्हणून त्याने पिशवीतून एक कागद काढून कांताच्या हातात ठेवला.

खेडच्या कोर्टाच्या निकालाची सही-शिक्क्याची नक्कल होती ती. असे कागद कांताने आयुष्यभर हाताळले होते. एकोणीस वर्षांपूर्वी एका जीपच्या चाकाचे नट सैल राहिले, घाटात चाक निघालं, एक शाळामास्तर मेला. मेकॅनिकला एक वर्षाची शिक्षा झाली. आरोपीचं नाव कांताने दोनदा वाचलं.

तुकाराम.

२

विश्वजीतला वाटलं, प्रकरण मिटलं. आता सरळ पोलिसात नाव द्यायचं.

पण हमीदने गुरुवारी, दसऱ्याच्या रात्रीच हॉस्पिटलात येऊन शब्द घेतला होता. मोडक्या हिंदीत तो म्हणाला होता, की अपघाताची नोंद झाली आहे, पण तक्रारीत कोणाचं नाव घालायचं ते तुमच्या हातात आहे. चुकीच्या माणसाचं नाव गेलं तर तो इथे तुरुंगात, त्याचं घर तिकडे उपाशी. "आप लोग बैठो, पूछो. जिसने किया उसका नाम सोमवार तक बोलो. मैं खुद उसको लेके जाएगा. खलास." हमीदचा राग खरा होता, आणि त्याचा न्यायही. कांताला हा माणूस आवडला होता.

म्हणून पंच बसवायचे ठरले. पंच म्हणजे पाच हवेत, पण बहरैनमध्ये कामाच्या दिवशी पाच मराठी माणसं एकत्र रिकामी मिळणं म्हणजे वाळूतून तेल काढणं. तिघे मिळाले. दशरथ, वयस्कर इलेक्ट्रिशियन, नांदेडचे, धम्मचक्र दिन भरवणाऱ्या नीलमच्या मंडळातले. रंजिता, गुहागरची, डबे करून विकणारी. आणि विशाखा, शाळेच्या ऑफिसात काम करणारी, पुण्याकडची, प्रश्न विचारायची फार हौस असलेली. कांता स्वतः पंच नव्हती. पोरीचा हात मोडलेल्या आईने न्यायाला बसू नये एवढं तिला कळत होतं. ती फक्त चौकशी करून पुरावा मांडणार होती.

आणि तो कागद ती मांडणार नव्हती.

विश्वजीत एवढा चिडला की सासूसमोर आवाज चढवायचा नाही हेही विसरला. "आई, तुमच्या नातीला मारायला निघाला होता तो. त्याने आधी एक माणूस मारलाय आणि तुम्ही ते लपवणार?"

"लपवणार."

"पण ते खरं आहे!"

"खरं आहे म्हणूनच," कांता म्हणाली. "खोट्याला उलटतपासणीत फाडता येतं, विश्वजीतराव. खऱ्याचं काय करणार? हा कागद एकदा वाचला की पंच उठून गाडी बघायला जाणार नाहीत. मेकॅनिकला विचारणार नाहीत. एकोणीस वर्षांपूर्वीच्या गुन्ह्याची शिक्षा ते याला आज पुन्हा देतील आणि म्हणतील, आम्ही न्याय केला."

मग तिने त्याला सांगितलं की परदेशात जिथे साधी माणसं ज्युरी म्हणून बसतात, तिथे अशा गोष्टी त्यांच्या कानावरसुद्धा पडू देत नाहीत. आपल्याकडची ज्युरी कधीच बंद झाली, पण कायदा राहिला. आधीची शिक्षा जज्जसाहेब बघतात ती निकाल दिल्यावर, नवी शिक्षा किती द्यायची ते ठरवताना. त्याआधी नाही.

जे तिने सांगितलं नाही ते असं होतं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका सायकलचोराच्या फाइलीत तिने त्याच्या जुन्या शिक्षेचा कागद चुकून सगळ्यात वर टाचला होता. नवीन जज्ज होते, त्यांनी पहिला कागद पहिल्यांदा वाचला. तो पोरगा दीड वर्ष आत बसला. त्यानंतर खरा चोर सापडला. ती टाचणी कांताच्या हाताने लागली होती, आणि त्या गोष्टीचा संताप तिला तीस वर्षांत एकदाही कमी वाटला नव्हता.

विश्वजीतकडून गप्प राहायचं वचन घेऊन तिने कागद कपाटात कुलूपबंद केला. पण स्वतःच्या डोक्याला कुठलं कुलूप लावणार? तुकारामनेच केलं, हे तिचं मत कागद वाचला त्याच क्षणी पक्कं झालं होतं. आता ते मत घेऊनच तिला चौकशी करायची होती, आणि त्या मतावर तिचा काडीचाही विश्वास नव्हता.

३

शनिवारी ती विश्वजीतबरोबर तुबलीला गेली. अपघाताची गाडी विम्यावाल्यांच्या यार्डात कुलपात होती, हमीदच्या गॅरेजपासून दोन गल्ल्या सोडून. गॅरेजमधल्या कोणालाही तिथे शिरता आलं नव्हतं. कांता गाडीभोवती फिरली, पुढच्या डाव्या बाजूची मोडतोड बघून तिने दात आवळले आणि मागच्या डाव्या चाकाशी येऊन वाकली.

हे चाक निघालं नव्हतं, पण त्याचेही नट सैल होते. हाताने फिरत होते. उजवीकडची दोन्ही चाकं घट्ट होती. त्या प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाच्या पेनने एक रेघ होती, नटावरून सुरू होऊन रिमवर गेलेली, सलग. डावीकडच्या नटांवरही रेघ होती, पण रिमवरच्या रेघेशी तिचा मेळ बसत नव्हता. नट आवळले, मग रेघ काढली, मग कोणीतरी नट फिरवले. न आवळलेल्या नटाची गोष्ट तिथेच संपली. हे कोणीतरी मुद्दाम केलं होतं.

तिने चष्मा पुसला आणि नटाच्या कंगोऱ्यात नखाने खरवडलं. नखावर लाल-पिवळं आलं.

कांताच्या घरी तीन पिढ्यांत हळद-कुंकू आलेलं नव्हतं, पण सांगलीत जन्म काढलेल्या माणसाला ते ओळखायला पूजा करावी लागत नाही. बुधवारी खंडेनवमी होती. कारागीर हत्यारं धुऊन मांडतात, हळद-कुंकू लावतात, झेंडूचं फूल वाहतात आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पूजा उतरवेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत.

ती तडक हमीदच्या गॅरेजात गेली. पुढे काचेच्या खोलीत चिराग बसायचा, गिऱ्हाइकांची कामं लिहून घेणारा गुजराती पोऱ्या. त्याने सांगितलं की गाडीचे टायर मंगळवारी तुकारामने घातले. एसीचा पार्ट यायचा होता म्हणून बुधवारी गाडी मागच्या शेडमध्येच उभी होती, पार्ट आलाच नाही तेव्हा संध्याकाळी मॅडम घेऊन गेल्या. बुधवारी सकाळी तुकाराम आणि विनीत दोघांनी आपापल्या पेट्यांची पूजा केली, सगळ्यांना पेढे दिले. हमीद बाबा दोघांना दर वर्षी त्या दिवशी दुपारची सुट्टी देतो. आतल्या बाजूला कॅमेरा नाही, फक्त फाटकावर आहे, आणि मागच्या गल्लीतलं दार दिवसभर उघडंच असतं. शेवटी चिराग सहज बोलून गेला, की दसऱ्यानंतर तुकाराम फोरमन होणार होता, जुलैतच ठरलं होतं. विनीत खरं तर दोन वर्षांनी सीनियर, पण बाबाचा जीव तुकारामच्या कामावर.

तिसरा मेकॅनिक इक्बाल रत्नागिरीचा. त्याची पेटी उघडीच पडली होती, काळी, तेलकट. बुधवारी सगळी दुपार तो एकटा पुढच्या शेडमध्ये एका पिकअपचा गिअरबॉक्स उतरवत होता. मागे काय चाललंय ते त्याला दिसलं नाही. नट खोलायच्या, कंप्रेसरवर चालणाऱ्या गनचा आवाज? नाही, तो आला असता तर कळलं असतं. "पण बाई, गुरुवारी सकाळी एक झालं. तुकाराम पूजा उतरवायला आला तर त्याचं फूल खाली पडलेलं. पान्याचं कुंकू फासटलेलं. कोणी हात लावला म्हणून लय तापला. विनीत हसला, म्हणला मांजर आलं असंल."

"हे कधीचं? अपघाताची बातमी आल्यावर?"

"नाय हो. सकाळी सातला. बातमी संध्याकाळी आली."

कांताने विचारलं, तुकाराम कुठे आहे. इक्बालने शेडच्या मागे बोट दाखवलं.

४

तुकाराम एका उलट्या डब्यावर बसला होता. हमीदने त्याला कामाला हात लावू नको असं सांगितलं होतं, तरी तो रोज सातला येऊन बसायचा. कांताला बघून उठून उभा राहिला. पंचेचाळिशीचा, सडपातळ, हाताच्या रेघांत काळं तेल मुरलेलं.

"तुम्हाला माझं मागलं कळलंय," तिच्या चेहऱ्याकडे बघून तो म्हणाला.

"कळलंय."

"मग कशाला आलाव?"

"बुधवारचं विचारायला. मागलं मी विचारलेलं नाही."

हे ती बोलली तेव्हा तिच्या आवाजात माया नव्हती. तिला अजून त्याचा राग होता, आणि आता स्वतःच्या रागाचाही राग यायला लागला होता. तुकाराम सरळ बोलत राहिला. बुधवारी पूजा करून खोलीवर गेला, झोपला, बायकोशी फोनवर बोलला. साक्षीदार कोणी नाही. नट त्याने मंगळवारी आवळले, रेघा काढल्या. रेघ काढल्याशिवाय गाडी सोडत नाही. आपण पूजलेला पाना नवमीला उचलला का, या प्रश्नावर त्याने तिच्याकडे असं बघितलं, जसं आईच्या अंगावर हात टाकलास का असं कोणी विचारावं.

रविवारी संध्याकाळी ईसा टाउनमध्ये विश्वजीतच्या हॉलमध्ये पंच बसले. त्याआधी कांताने तिघांना यार्डात नेऊन गाडी दाखवली होती. रंजिताने नटाच्या कंगोऱ्यातलं कुंकू स्वतःच्या नखावर घेऊन पाहिलं होतं. मग चिराग आला, इक्बाल आला, दोघांनी तेच सांगितलं. मग तुकाराम.

विशाखाने वहीत टिपून आणलं होतं. "तुम्ही प्रत्येक नटावर रेघ काढता. इक्बाल काढत नाही, विनीत काढत नाही. तुम्हालाच ही सवय का लागली?"

प्रश्न साधा होता आणि उत्तर एकच होतं. तुकारामने कांताकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "ते... पूर्वी एकदा माझ्या हातून..."

"थांब," कांता म्हणाली. "रेघ काढतोस एवढं पुरे. का काढतोस ते सांगायची गरज नाही."

विशाखाचा पेन वहीवर आपटला. आम्हाला पंच म्हणून बसवलंय की शोभेला, तिने विचारलं. आम्ही काय लहान मुलं आहोत? काय ऐकायचं ते आमचं आम्हाला कळत नाही? आणि मावशी, तुमच्याच पोरीचा हात मोडलाय आणि तुम्हीच याला झाकताय, हे आम्ही कसं समजायचं?

कांता म्हणाली की काहीतरी झाकलं आहे हे खरं आहे. निकालानंतर ते तुम्हाला मिळेल. ते ऐकून विशाखाला आणखीच राग आला, दशरथांनी पाणी मागवलं आणि बैठक तशीच उठली.

सोमवारी सकाळी सातला रंजिताचा फोन आला. रात्री विनीतचा फोन आला होता, ती म्हणाली. कांताबाईंकडे एक कागद आहे, तो मागून घ्या, सगळं कळेल, असं म्हणत होता. "मी फोन कापला, मावशी. बाहेरचं काही ऐकू नका बोललात, तसं वागले. पण कागद आहे का नाही?"

"आहे."

"मग मला रातभर झोप नाय ती कशामुळं, ते तुम्हाला कळतंय ना?"

फोन ठेवून कांताने कपाट उघडलं. तो कागद फाडून टाकावा अशी तिडीक तिच्या डोक्यात गेली होती. एक कागद न वाचताच तीन माणसांची झोप उडवतो, म्हणजे वाचल्यावर काय करील? तिने तो रागाने उलटा टेबलावर आपटला आणि तिची नजर मागच्या बाजूला गेली.

मागे शिक्का होता. प्रत्येक नकलेच्या मागे असतो. आयुष्यात असे हजारो शिक्के तिने स्वतः मारले होते.

५

संध्याकाळी सगळे हजर होते. हमीद दाराशी खुर्चीवर, पंच सोफ्यावर, नीलम हात गळ्यात बांधून कोपऱ्यात. तुकाराम आणि इक्बाल भिंतीशी उभे. विनीतला समोर बसवलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, आणि आल्या आल्या त्याने नीलमला ताई आता कसं आहे म्हणून विचारलं.

कांताने पंचांना म्हटलं की रागाच्या भरात मला जे दिसलं नाही ते तुम्ही शांतपणे बघा. चाकं डावीकडचीच सैल, म्हणजे विसर नव्हे. नटावर हळद-कुंकू, म्हणजे पूजेतला पाना. फूल तुकारामचं पडलं, कुंकू त्याच्या पान्याचं फासटलं, म्हणजे पाना त्याचा. आता गॅरेजात दुसरी साधनं नव्हती का? गन होती, पण ती ओरडते. इक्बालची पेटी होती, पण तिच्यापाशी इक्बाल दुपारभर बसला होता, आणि त्याला स्वतःचा पाना सोडून पूजेतला उचलायचं कारण नव्हतं. मग उरल्या दोन पेट्या, दोन्ही मागच्या शेडमध्ये, दोन्ही पूजलेल्या.

मग ती विनीतकडे वळली. विचारलं, नवमीला एखादा नट खोलायची वेळ आली तर तू तुझा पाना उचलशील का?

"छे," विनीत म्हणाला. "पूजेतल्या हत्याराला हात लावत नाय मी. बापाने शिकवलंय. वर्षभर भोगावं लागतं."

"तुझ्या पूजेतल्या."

विनीतने इस्त्रीच्या शर्टाची बाही ओढली.

"तुकाराम आपली पूजा मोडणार नाही, तू तुझी मोडणार नाहीस. चिरागला किंवा बाहेरच्या कोणाला कुठलाही पाना सारखाच, ज्याला भीती नाही तो समोरची पेटी उघडील. त्या शेडमध्ये दारातून शिरल्यावर पहिली पेटी कोणाची आहे, हमीद बाबा?"

"विनीत का," हमीद म्हणाला.

"तुकारामची?"

"सबसे अंदर."

आत भिंतीपर्यंत चालत जाऊन तुकारामचाच पाना उचलणारा माणूस एकच, कांता म्हणाली. ज्याला पहिल्या पेटीला हात लावायची भीती होती, कारण ती त्याची स्वतःची होती.

विनीत हसायला गेला. हे काय, फुलावरून आणि कुंकवावरून माणसाला धरता का, असं त्याने पंचांना विचारलं. खरी गोष्ट तर बाई तुम्हाला सांगतच नाहीयेत. त्या कागदात...

"तोच दाखवते," कांता म्हणाली.

विश्वजीत दचकून उभा राहिला. कांताने कागद काढला. पुढची बाजू दुसऱ्या कोऱ्या कागदाला चिकटवून टाकलेली होती. मागची तेवढी उघडी होती. तिने तो दशरथांच्या हातात दिला. "पुढे काय आहे ते विचारू नका. हा एका कोर्टाचा कागद आहे, तुकारामचं नुकसान करणारा, आणि अपघातानंतर शुक्रवारी सकाळी विनीतने तो माझ्या हातात दिला. आता शिक्का मोठ्याने वाचा."

दशरथांनी चष्मा लावला. नकलेसाठी अर्ज, अठरा ऑगस्ट. नक्कल तयार, सव्वीस ऑगस्ट. नक्कल दिली, एकोणतीस ऑगस्ट.

"दसऱ्याच्या महिनाभर आधी," विशाखा हळू आवाजात म्हणाली.

"जुलैत तुकारामला फोरमन करायचं ठरलं. ऑगस्टमध्ये याने हा कागद मागवला. तेव्हाच हमीद बाबांना का नाही दाखवला? कारण जुना कागद बघून बाबा म्हणाले असते, जुनी गोष्ट, काम चांगलं करतो, मफी मुश्किल, काही हरकत नाही. कागदाला जोड हवी होती. त्या कागदात आहे तसंच काहीतरी पुन्हा घडायला हवं होतं. मग हाच कागद फास झाला असता, आणि फास ओढायला तुम्ही तिघं आयती बसलेली होतातच." कांताने कागद दशरथांच्या हातून परत घेतला. "चार दिवस हा कागद माझ्या कपाटात होता. मी पुढची बाजू वाचली आणि आंधळी झाले. बत्तीस वर्षं शिक्के मारणारी मी, मला कागद उलटावासा वाटला नाही. खेडचा कागद एका रात्रीत बहरैनला येतो का, एवढंही मी विचारलं नाही. तुम्ही वाचला असता तर तुम्हीही विचारलं नसतं."

विनीत नीलमकडे बघत होता, मग तिच्या प्लास्टरकडे, मग जमिनीकडे.

"मला वाटलं गाडी थरथरेल," तो म्हणाला. "थरथरली की परत आणतील. तेवढंच हवं होतं. चाक निघंल असं खरंच वाटलं नव्हतं, ताई."

नीलम बसल्या जागेवरून म्हणाली, "मागे माझी मुलगी होती."

"मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं? शुक्रवारी तिच्या डोक्यावरून हात फिरवलास तू," कांता म्हणाली. "स्वतःचा पाना उचलायला तुझा हात कापला. वर्षभर भोगावं लागेल म्हणून. आणि चाक सैल करताना कापला नाही."

हमीद उठला. विनीतच्या दंडाला धरून त्याने त्याला उभं केलं, ओढलं नाही, ढकललं नाही. "यल्ला, चलो," एवढंच म्हणाला. दोघं जिना उतरून गेले.

६

दशरथांनी रीतसर निकाल सांगितला. तुकारामचा दोष नाही, तिघांचं एकमत. तुकारामने हात जोडले. जायला वळला, दारापर्यंत गेला आणि परत आला.

"आता सांगतो," तो म्हणाला. "बाईंनी सांगू दिलं नाय, पण आता तुमचं झालंय. तो कागद खरा हाय. एकोणीस वर्षांमागं खेडला माझ्या हातून नट सैल ऱ्हायले. मास्तर मेले. मला घाई होती, मॅच बघायला जायचं होतं. मी कोर्टात कबूल केलं, एक वर्ष आत बसलो. रेघ काढतो ती तेव्हापासनं."

विशाखाने वही मिटली. रंजिताने पदर सावरला आणि उगीचच चहाचे कप गोळा करायला लागली. शेवटी दशरथ बोलले. म्हातारा प्रामाणिक होता.

"कांताताई, हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर मी गाडी बघायला यार्डात आलोच नसतो. घरी बसून हो म्हटलं असतं."

"मीही," विशाखा म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण कांताला त्याचं काही वाटलं नाही.

"ठीक आहे," कांता म्हणाली. "तुम्ही सोडलंत त्याला. आता मला सांगा, तुमच्यातलं कोण उद्या आपली गाडी त्याच्याकडे नेणार आहे?"

दशरथांनी घड्याळ बघितलं. रंजिता कप घेऊन आत गेली. विशाखा पिशवीत काहीतरी शोधायला लागली. भिंतीशी उभा असलेला इक्बाल तेवढा म्हणाला की माझी गाडी तोच बघतो, नेहमीच, पण त्याला कोणी विचारलं नव्हतं.

कांताचा संताप आता कोणा एकावर नव्हता. निर्दोष म्हणताना या माणसांना एक क्षण लागला नाही आणि विश्वास ठेवायची वेळ आली तर सगळ्यांना घड्याळं सापडली. तिने वळून विश्वजीतकडे हात केला. विम्यावाल्यांनी अपघातानंतर त्याला भाड्याची गाडी दिली होती, तिची किल्ली त्याच्या खिशात होती. विश्वजीतने सासूकडे बघितलं, मग नीलमकडे. नीलमने मान हलवली. त्याने किल्ली काढून दिली.

कांताने ती तुकारामसमोर धरली. "खाली उभी आहे. चारही चाकं बघ. मग मैत्रीला घेऊन मी मागे बसते, तू चालव. हॉलमध्ये तिचं त्रिशरण म्हणायचं राहिलंय, ते आपण मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी जाऊन म्हणवू."

तुकारामने किल्लीकडे पाहिलं. घेण्यासाठी हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. त्याने हात वर करून तिला दाखवला. बोटं थरथरत होती.

"आज नको, बाई," तो म्हणाला. "थरथरत्या हाताने मी नट आवळत नाय. उद्या सकाळी सातला आणा."